अंतरपाटातला फोटो आणि घराण्याची हनुवटी

प्रश्न : "मॅडम, माझी मुलगी साडेसात वर्षांची आहे. समोरचे वरचे दोन पक्के दात आलेत, पण तोंड मिटलं की खालचे दात त्यांच्या पुढे येतात. सासरे, चुलत सासरे आणि माझे मिस्टर, तिघांचीही हनुवटी पुढे आहे. सासूबाई म्हणतात, 'आमच्या घरची हनुवटीच तशी हाये, पोरीले काऊन तरास देता?' एका दवाखान्यात सांगितलं की हे आनुवंशिक आहे, अठरा वर्षं होईपर्यंत थांबा, मग ऑपरेशन करू. दुसरीकडे म्हणाले, लगेच क्लिपा लावा. धाकटा तीन वर्षांचा आहे, त्यालाही हे होईल का? आणि माझ्या माहेरी सगळ्यांचेच दात एकावर एक चढलेले आहेत, त्यामुळे सासरी आता अर्धा दोष माझ्याकडे आलाय. मानेवाडा, नागपूर."

उत्तर :

ताई, आधी तातडीचं सांगते. अठराव्या वर्षापर्यंत थांबू नका. पण तारा-क्लिपांचीही आत्ता घाई नाही. आत्ता हवी ती जबड्याची नीट तपासणी, आणि तीही पुढच्या दोन-तीन महिन्यांत. धाकट्याला आज काही करायचं नाही. माहेरच्या वाकड्या दातांचं म्हणाल, तर या भानगडीत त्यांचा वाटा बहुधा फार थोडा आहे. का, ते सविस्तर सांगते.

मी सव्वीस वर्षं नागपुरात दात आणि जबडे सरळ करण्याचं काम करते. "खालचा जबडा पुढे" म्हणून कुणी मूल घेऊन आलं की मी घरच्यांना लग्नाचे अल्बम आणायला सांगते. लोक हसतात. पण जबडा बघायचा तर चेहरा बाजूने दिसायला हवा, आणि कुटुंबातले बाकीचे सगळे फोटो समोरून काढलेले असतात. आपल्या लग्नात अंतरपाट धरतात, नवरा-नवरी समोरासमोर उभे राहतात आणि फोटोग्राफर बाजूने फोटो काढतो. त्यात कपाळ, नाक, ओठ, हनुवटी अशी सगळी रेषा सापडते. दोन पिढ्यांचे अंतरपाटाचे फोटो शेजारी ठेवले की अर्धं निदान टेबलावर होतं.

नागपूरच्या महाल भागातलं एक कुटुंब असंच आलं होतं. आजोबांचा फोटो १९७१ सालचा, काळा-पांढरा, कडा पिवळ्या पडलेल्या. मुंडावळ्यांमुळे गाल झाकलेला, पण नाकाखालचा भाग स्वच्छ दिसत होता. वडिलांचा रंगीत फोटो २००५ चा. आणि खुर्चीवर बसलेला आठ वर्षांचा नातू. तिघांचीही खालची ओठाची कड वरच्या ओठाच्या पुढे. घरातले सगळे "हनुवटी, हनुवटी" करत होते. मी फोटोवर पट्टी ठेवून त्यांना दाखवलं की आजोबांची हनुवटी कपाळाच्या सरळ रेषेतच आहे, पुढे गेलेली नाही. आत बसलेला होता तो नाकाच्या दोन्ही बाजूंचा भाग आणि वरचा ओठ. म्हणजे या घराण्यात तीन पिढ्या उतरला होता तो लहान, मागे राहिलेला वरचा जबडा. खालचा बिचारा नेहमीइतकाच वाढला होता, पण वरचा मागे असल्याने तो पुढे दिसत होता.

हा फरक नुसता शब्दांचा नाही, उपचाराची दिशाच त्यावर ठरते. मागे राहिलेला वरचा जबडा लहान वयात पुढे ओढता येतो. खूप वाढणाऱ्या खालच्या जबड्याला लगाम घालणं मात्र आजही आम्हाला फारसं जमत नाही. हनुवटीला कप लावून पट्ट्याने मागे दाबायचा जुना उपाय आहे. काही महिने चांगलं दिसतं, पण वयात येताना जबडा बरंचसं अंतर भरून काढतो. तुमच्या मुलीचं यातलं नेमकं काय आहे, ते बाजूने काढलेल्या डोक्याच्या एक्सरेवर कळेल. त्यात कवटीच्या पायथ्याशी असलेल्या एका ठरलेल्या बिंदूपासून वरच्या आणि खालच्या जबड्याचे कोन मोजतात. साधारणपणे वरचा ८२ अंशांच्या आसपास, खालचा ८०. वरचा दोनेक अंशांनी पुढे असला की गाडी रुळावर. फरक शून्याखाली गेला की उलटा चावा, म्हणजे खालचे दात वरच्यांच्या पुढे बसणं, नुसता दातांचा नाही, हाडांचा आहे असं मानून आम्ही पुढचा विचार करतो.

त्याआधी घरी एक साधी गोष्ट करून बघा. मुलीला खुर्चीत ताठ बसवा, मान वर नको, खाली नको. जिभेचं टोक उलटं वळवून टाळूला जितकं मागे लागेल तितकं लावायला सांगा आणि तसंच हळूच दात मिटायला लावा. तुम्ही तिच्या बाजूला, डोळे तिच्या ओठांच्या पातळीवर. असं मिटताना वरचे आणि खालचे समोरचे दात टोकाला टोक लागले आणि मग जबडा सर्रकन पुढे सरकून बसला, तर ती चांगली खूण. त्याचा अर्थ, दात आडवे येतात म्हणून पोरगी जबडा पुढे सरकवून चावते. त्यातला काही भाग सवयीचा आहे, हाडाचा नाही. अशा मुलांचं काम कधीकधी एका साध्या प्लेटवर काही महिन्यांत होतं. कितीही मागे नेलं तरी खालचे दात पुढेच राहिले, तर मामला हाडाचा असण्याची शक्यता जास्त. एक मात्र बजावते. हे फक्त बघण्यासाठी आहे. आइस्क्रीमची काडी चावायला देऊन दात ढकलायचे प्रयोग कृपा करून घरी करू नका. तसे करून आलेली, दात हलायला लागलेली दोन मुलं मी पाहिली आहेत.

आता आनुवंशिकतेबद्दल. जबड्याचं हाड आणि त्यातले दात हे दोन वेगळे हिशेब आहेत, आणि घरोघरी ते एकाच वहीत मांडले जातात. जुळ्यांवर आणि सख्ख्या भावंडांवर झालेल्या अभ्यासांत पुन्हा पुन्हा दिसतं ते असं : जबड्याची लांबी, चेहऱ्याची उंची, हनुवटीची ठेवण या हाडांच्या गोष्टी भावंडांत बऱ्याच सारख्या निघतात, आणि वय वाढेल तसं साम्य वाढत जातं. दातांची गर्दी, एखादा फिरलेला दात, दोन दातांतली फट या गोष्टींत साम्य बरंच कमी, आणि वयाबरोबर ते आणखी घटतं. म्हणून तुमच्या सासऱ्यांचा जबडा नातीत उतरला यात नवल नाही. तुमच्या माहेरची वाकड्या दातांची रांग मात्र रक्तापेक्षा इतर कारणांनी आलेली असू शकते. त्यावर पुढे येते.

पुढे आलेल्या जबड्याची सगळ्यात प्रसिद्ध वंशावळ युरोपातल्या हाब्सबुर्ग राजघराण्याची. त्यांच्या दरबारी चित्रकारांनी पिढ्यान्पिढ्या राजांची चित्रं काढून ठेवली, त्यामुळे आम्हाला आयता अल्बमच मिळाला. सोळाव्या शतकातल्या पाचव्या चार्ल्सचं बाजूने काढलेलं कुठलंही चित्र पाहा, खालचा ओठ आणि हनुवटी पुढे. स्पेनच्या गादीवरचा त्या घराण्याचा शेवटचा राजा दुसरा चार्ल्स, १६६१ ते १७००. त्याला नीट चावताही येत नसे. राज्य घराबाहेर जाऊ नये म्हणून हे लोक आपसातच लग्नं लावत. दुसऱ्या चार्ल्सची आई त्याच्या वडिलांची सख्खी भाची होती. २०१९ मध्ये एक अभ्यास झाला. जबड्याची शस्त्रक्रिया करणाऱ्या दहा डॉक्टरांना त्या घराण्यातल्या १५ जणांची ६६ चित्रं दाखवली आणि चेहऱ्यातले दोष मोजायला लावले. ज्यांच्या वंशात नात्यातली लग्नं जास्त, त्यांचा जबड्याचा दोषही जास्त निघाला.

हे सांगितलं की आपल्याकडे लगेच कुजबुज सुरू होते, कारण मामाच्या मुलीशी लग्न करायची रीत आपल्या कितीतरी समाजांत आहे. तेव्हा प्रमाण समजून घ्या. एका मामेबहिणीशी झालेल्या लग्नातून जन्मलेल्या मुलात आईबापांकडून एकच पूर्वज-जनुक दोनदा येण्याची शक्यता सोळात एक. दुसऱ्या चार्ल्सच्या बाबतीत ती चारात एक होती, म्हणजे सख्ख्या भावाबहिणीच्या अपत्याइतकी. पिढ्यान्पिढ्यांची बेरीज होती ती. एका आते-मामे लग्नाने घरात हाब्सबुर्ग जन्माला येत नाही. मात्र नवरा-बायको दोघांच्याही घरात तीच हनुवटी असेल, तर ते नात्यातले असोत की नसोत, मुलांकडे लवकर लक्ष द्यायला हवं.

एरवीच्या, नात्यात लग्न न झालेल्या घरांत हा जबडा उतरतो कसा? बऱ्याच कुटुंबांत एका बाजूने आलेलं जनुकही पुरतं असं दिसतं, पण ते प्रत्येकात सारखं उमटत नाही. आजोबांत ठळक, आत्यात अजिबात नाही, आत्याच्या मुलात पुन्हा ठळक. म्हणूनच घरात "एक पिढी सोडून येतं" असं म्हणतात. सोडून काही जात नाही. मधल्या पिढीतही असतं, तिथे दिसत नाही इतकंच. आणि हे एका जनुकाचं काम नाही, अनेकांचं मिळून आहे. आज जबड्यासाठी उपयोगी पडेल अशी कुठलीही जनुकचाचणी नाही. कुणी पॅकेज विकत असेल तर ते पैसे वाचवा, एक्सरेला लागतील.

धाकट्याचं उत्तर इथेच देते. १९७० च्या एका जुन्या पण आजही सांगितल्या जाणाऱ्या अभ्यासात, उलट्या चाव्याचा तीव्र दोष असलेल्या मुलांपैकी साधारण तीनात एकाच्या आईला किंवा वडिलांना तोच दोष होता, आणि सहात एकाच्या भावंडाला. म्हणजे धाकट्याला होईलच असं नाही, पण शेजारच्या मुलापेक्षा त्याची शक्यता नक्की जास्त. तीन वर्षांच्या मुलाचा दुधाच्या दातांचा चावा उलटा आहे का, एवढं एकदा बघून घ्या. नसेल तर दरवर्षी वाढदिवसाच्या आसपास त्याचा एक फोटो बाजूने काढून ठेवा, आणि सहावं लागलं की दाखवायला आणा.

तुम्ही लिहिलेलं नाही, पण सासरी-माहेरी नक्की बोललं गेलं असेल : "दात आईचे आणि जबडा बापाचा, म्हणून मावत नाहीत." हे मला आठवड्यातून एकदा तरी ऐकावं लागतं, शिकलेल्या लोकांकडूनही. या समजुतीला एक इतिहास आहे, तो कुत्र्यांचा आहे. अमेरिकेत स्टॉकर्ड नावाच्या शास्त्रज्ञाने वेगवेगळ्या जातींच्या कुत्र्यांचा संकर केला. पिल्लांमध्ये वरचा-खालचा जबडा आणि दात यांचा मेळच राहिला नाही. १९४१ मध्ये ते पुस्तकरूपात आलं आणि लोकांनी थेट माणसांना लावलं. पुढे लक्षात आलं की कुत्र्यांच्या अनेक छोट्या जातींत हाडांची वाढ खुंटवणारं एक जनुक असतं, तसा प्रकार माणसांत क्वचितच. हवाई बेटांवर चिनी, जपानी, युरोपीय, मूळ हवाईयन अशी कितीतरी वंशांची आपसात लग्नं झाली. तिथली हजारो शाळकरी मुलं तपासली, तेव्हा मिश्र मुलांत तसा काही जास्तीचा गोंधळ सापडला नाही. तेव्हा नवरा नागपूरचा आणि बायको केरळची म्हणून पोराचे दात वाकडे, हे डोक्यातून काढा.

मग तुमच्या माहेरचे दात एकावर एक का चढले? मी पाहिलं नाही, पण माझा अंदाज सांगते, कारण हीच गोष्ट मी रोज बघते. दुधाच्या दाढा किडल्या. घरच्यांनी म्हटलं, "पडणारच आहेत, कशाला भरायच्या?" सातव्या-आठव्या वर्षी त्या काढून टाकल्या. आता सहाव्या वर्षी मागे जी पहिली पक्की दाढ येते, ती पुढची जागा मोकळी दिसली की घरंगळत पुढे येते. दहाव्या-अकराव्या वर्षी खालून खरा मालक येतो, तेव्हा त्याची जागा गेलेली. तो गालाकडे किंवा जिभेकडे वाट काढतो. चार भावंडांपैकी चौघांच्याही दाढा अशाच गेल्या, की अख्ख्या घराण्याचे दात "आनुवंशिक" वाकडे होतात! आनुवंशिक होती ती चॉकलेट-बिस्किटांची आणि दवाखाना टाळायची सवय. दाढ काढावीच लागली तर जागा धरून ठेवणारी तारेची एक छोटी कडी बसवतात. तिचा खर्च पुढच्या क्लिपांच्या तुलनेत किरकोळ असतो, तरी दहातले आठ पालक "बघू नंतर" म्हणतात. याचा मला अजूनही राग येतो.

दुसरं, चावणं. चंदीगडच्या परिसरातल्या शहरी आणि खेड्यातल्या तरुणांची तुलना ऐंशीच्या दशकात झाली होती. लोक तेच, पण मऊ खाणाऱ्या शहरी मुलांत दातांची गडबड जास्त. तुमच्या आजीने हुरडा, बोरं, ऊस, ज्वारीची भाकर खाल्ली. आपली मुलं दूधभातावर आणि मिक्सरमधून काढलेल्या सुपावर वाढतात. चावल्याने जबड्याची कमान थोडी रुंद व्हायला मदत होत असावी असं मला वाटतं, म्हणून ऊस आणि भाजलेले भुईमूग मुलांना जरूर द्या. पण ऊस खाऊन उलटा चावा सुलटा होत नाही, तेवढी अपेक्षा धरू नका. रात्री तोंड उघडं टाकून झोपणं, घोरणं, चार-पाच वर्षांनंतरही अंगठा चोखणं, हेही बघा. नाकामागची गाठ वाढलेली मुलं तोंडाने श्वास घेतात आणि त्यांचा वरचा जबडा अरुंद राहतो. त्यासाठी आधी कान-नाक-घशाचे डॉक्टर, मग मी.

आता तुमच्या मुलीचा उपचार. एक्सरेत वरचा जबडा मागे निघाला, तर हे वय सोन्याचं आहे, हे शब्द मी उगीच वापरत नाही. वरच्या जबड्याचं हाड चेहऱ्याच्या इतर हाडांना ज्या सांध्यांनी जोडलेलं असतं, ते सांधे साधारण दहाव्या वर्षापर्यंत सैलसर असतात. त्या काळात जबडा पुढे ओढता येतो. वरच्या दाढांवर एक प्लेट चिकटवतात, मध्ये छोटा स्क्रू असतो. आईने रोज किल्लीने तो थोडासा फिरवायचा, आठ-दहा दिवस. मग बाहेरून मुखवट्यासारखी एक चौकट येते. एक गादी कपाळाला टेकते, एक हनुवटीला, मधल्या दांड्याला दोन रबर, आणि ती रबरं तोंडातल्या प्लेटच्या हुकांना. रबर वरचा जबडा पुढे ओढतो. रोज बारा ते चौदा तास, साधारण नऊ महिने ते वर्ष. शाळेत घालायची नाही. शाळेतून आल्यावर, अभ्यास करताना, टीव्ही बघताना आणि रात्रभर. नागपुरात मे महिन्यात ४५ अंशांत पोरं ती कूलरसमोरसुद्धा फेकून देतात, म्हणून मी शक्यतो जून-जुलैमध्ये सुरू करते. म्हणजे पहिले, कटकटीचे महिने पावसाळ्यात जातात आणि उन्हाळा लागेपर्यंत सवय झालेली असते.

याचा फायदा किती, याचा प्रामाणिक आकडा आहे. ब्रिटनमधल्या आठ हॉस्पिटलांनी ७ ते ९ वयाची, उलटा चावा असलेली ७३ मुलं घेतली. चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट केले, एकाला ही चौकट, दुसऱ्याला काही नाही. सहा वर्षांनी तज्ज्ञांनी पाहिलं, तेव्हा चौकट घातलेल्यांपैकी ३६ टक्के मुलांना पुढे ऑपरेशन लागेल असं वाटलं, न घातलेल्यांपैकी ६६ टक्के मुलांना. हा आकडा दोन्ही बाजूंनी वाचा. ऑपरेशनची गरज जवळजवळ निम्म्यावर आली. पण चौकट घालूनही तीनात एका मुलाला शेवटी ते लागणारच होतं. ज्या घरात तीन पिढ्या हनुवटी आहे, तिथे मी आईवडिलांना पहिल्याच दिवशी हे सांगते आणि कागदावर लिहून देते.

लिहून द्यायला लागले त्याला कारण माझीच चूक. प्रॅक्टिस सुरू करून पाच-सहा वर्षं झाली होती, आत्मविश्वास भरपूर. तेरा वर्षांचा मुलगा, थोडासा उलटा चावा. मी खालचे दोन दात काढले, क्लिपा लावून समोरचे दात मागे घेतले, पंधराव्या वर्षी काम पूर्ण. सुंदर दिसत होतं, फोटो काढून भिंतीवर लावला होता. वडिलांना मी नीट पाहिलंच नव्हतं, ते नेहमी मफलर गुंडाळून बाहेर स्कूटरवर बसलेले असायचे. सतराव्या वर्षी मुलगा परत आला. उंची पाच इंच वाढलेली, आणि जबडाही. खालचे दात पुन्हा पुढे. त्या दिवशी वडील पहिल्यांदा आत आले आणि मफलर काढला. बघितलं आणि मला कळलं. मुलाला एकविसाव्या वर्षी जबड्याचं ऑपरेशन करावं लागलं, आणि त्यासाठी मी मागे नेलेले खालचे दात आधी पुन्हा पुढे आणावे लागले. काढलेल्या दोन दातांची जागा उघडली, ती वेगळीच. तो फोटो मी भिंतीवरून उतरवला. तेव्हापासून आईवडील दोघांना आत बोलावल्याशिवाय मी वहीत निदान लिहीत नाही.

अठरा वर्षं थांबा म्हणणाऱ्या डॉक्टरांचं अगदीच चूक नाही, हे यावरून लक्षात येईल. ऑपरेशन लवकर करत नाहीत ते बरोबरच. मुलींचा जबडा सोळा-सतराव्या वर्षापर्यंत, मुलग्यांचा एकोणीस-वीसपर्यंत वाढतो आणि अशा घराण्यांत त्याहूनही उशिरापर्यंत. सहा महिने ते वर्षाच्या अंतराने दोन एक्सरे काढून वाढ थांबल्याची खात्री झाली की मगच. पण ऑपरेशन उशिरा करायचं म्हणून तपासणीही उशिरा, हा हिशेब चुकतो. साडेसात ते दहा ही जी अडीच वर्षं तुमच्या हातात आहेत, ती नंतर पैसे देऊन मिळत नाहीत.

घरात कुणाचे वरचे दात पुढे असतील, तर मात्र घाई करू नका. हा प्रकार आपल्याकडे उलट्या चाव्यापेक्षा खूप जास्त दिसतो, आणि त्याचं गणित अगदी वेगळं आहे. तिथे खालचा जबडा मागे असतो. तो पुढे आणणाऱ्या काढ-घाल प्लेटा वाढीच्या झपाट्यात, म्हणजे मुलींना साधारण दहा ते बारा आणि मुलग्यांना बारा ते चौदा या वयात चालतात. आठव्या वर्षी सुरू केलं तर दोनदा उपचार, दुप्पट पैसे आणि शेवट तोच. अपवाद एक. दात इतके पुढे आहेत की पोरगं सायकलवरून पडलं की पहिले तेच आपटणार, तर आधी आत घेतलेले बरे.

घराण्यात उतरणाऱ्या आणखी दोन गोष्टी, थोडक्यात. वरच्या समोरच्या दोन दातांच्या शेजारचा दात जन्मतःच नसणं किंवा तांदळाच्या दाण्यासारखा टोकदार असणं. मावशीला असेल तर भाचीचा ओपीजी, म्हणजे दोन्ही जबडे आणि सगळे दात एकत्र दाखवणारा एक्सरे नवव्या-दहाव्या वर्षी काढून घ्या, कारण अशा घरांत वरचा सुळा टाळूत अडकायचं प्रमाणही जास्त. आणि विदर्भात सिकलसेल बरंच आहे. त्या आजारात हाडातली मज्जा वाढते आणि काही मुलांचा वरचा जबडा, गालाची हाडं पुढे येतात. आई म्हणते "आमच्याकडे सगळ्यांचे दात पुढे", पण तिथे उतरतो तो रक्ताचा आजार. घरात कुणालाही सिकलसेल असेल तर दात काढण्याआधी, भूल घेण्याआधी डॉक्टरांना सांगाच. लाजेने लपवणारी माणसं मी पाहिली आहेत, आणि टेबलावर त्याची किंमत भलतीच असते.

जीभ टाळूला दाबून धरली की जबडा घडतो, अशा रील्स मुली आता दाखवायला आणतात. जिभेची जागा बरोबर असावी, हे खरं. पण तिच्या दाबाने हाब्सबुर्गांचा जबडा मागे जाईल, याला पुरावा नाही. कुरिअरने मागवायच्या पारदर्शक प्लेटा तुमच्या मुलीसाठी नाहीतच, त्या दात हलवतात, जबडा नाही.

खर्चाची काळजी असेल तर नागपुरात मेडिकलच्या, म्हणजे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या आवारातल्या शासकीय दंत महाविद्यालयात दाखवा. हिंगणा रोडवरच्या खासगी दंत महाविद्यालयांतही हा विभाग आहे, आणि वर्ध्याजवळ सावंगीलाही. वेळ जास्त लागतो, रांग असते, पण एकाच मुलीकडे शिकणारा डॉक्टर, शिकवणारा डॉक्टर आणि विभागप्रमुख असे तिघं बघतात. कुणाही खासगी डॉक्टरकडे गेलात, माझ्याकडेही, तर तीन प्रश्न नक्की विचारा. वरचा मागे की खालचा पुढे? हाड किती आणि सवय किती? आणि अठराव्या वर्षी ऑपरेशन लागायची शक्यता किती? एक्सरेवर रेषा मारून जो दाखवेल, त्याच्याकडे थांबा.

येताना मिस्टरांना आणा, दाढी असेल तर त्या दिवशी करून. सासूबाईंनाही आणा, सासऱ्यांच्या तरुणपणाबद्दल सगळ्यात जास्त त्यांनाच आठवत असतं. आणि अल्बम. जुन्या अल्बमच्या चिकट पानांवरून फोटो सोलून काढू नका, फाटतात. दिवसाच्या उजेडात खिडकीशी धरून, पानासकट मोबाइलवर फोटो घ्या. अंतरपाटाचा एक आणि कन्यादानाच्या वेळी वाकलेला असतानाचा एक, एवढे दोन पुरतात.